कोणासही आत घेऊ नये

जानेवारी १९५६, शनिवार, दुपारी चार. हजर: पाळकसाहेब, पाच पंच आणि टिपण लिहायला मी. आठवे मामा, पण त्यांना हजेरीत धरायची पद्धत नव्हती. ते चहाची किटली घेऊन दाराशी उभे राहून तपकीर ओढत होते. मग त्याच बोटांनी त्यांनी कप मांडले. त्यातला एक फुटला.

"माझ्या नावावर लिवा, बाई," मामा म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं. पेटी उंदरांनी कुरतडली, सतरंजी पावसात भिजली, घंटा दहा मिनिटं उशिरा झाली, प्रत्येक वेळी हेच, आणि वर हसायचं. लिहून घेणारी मी. माझ्या वहीत मामांच्या नावापुढे दीड पान भरलं होतं. दुरुस्ती एकाही गोष्टीची झाली नव्हती.

परळ आणि लालबागच्या मधल्या गल्लीत आमचं लहानसं देऊळ. ख्रिस्ती घरं पन्नासएक, भोवती सगळ्या गिरणीवाल्यांच्या चाळी. मामा देवळाचे राखणदार. नगरकडचे, एकटे, आधी गिरणीत होते. फुफ्फुसात कापूस आणि गळ्यात दारू घेऊन ते बाहेर पडले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला तपकिरीचा तपकिरी पट्टा असे. तीच बाही नाकाला, तीच कपांना. मी शाळामास्तरीण, रोज पन्नास मुलांची नखं तपासणारी. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांच्या हातचा चहा प्यायला असेल त्यांना माझी शिसारी समजावून सांगायला नको.

आमच्यात एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसेल. कोणाच्या हातून मोठी चूक घडली तर पंच त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे रविवारी देवळात वाटल्या जाणाऱ्या भाकर आणि द्राक्षारसापासून, दूर ठेवतात. मग प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा भरते, तिथे त्याने सगळ्यांपुढे उभं राहून चूक बोलून दाखवायची, की तो परत आत. मामा दारूपायी दोनदा असे उभे राहिले होते. बाया पुढच्या बाकांवर सरकून ऐकायच्या. मला त्या ऐकण्याचाही वीट होता, पण मीही मागच्या बाकावर बसत नसे.

तर तो शनिवार. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं होतं आणि गिरणगाव भडकलं होतं. थोरले पंच रिटायर झालेले हेडक्लार्क. ते म्हणाले, आपण मूठभर लोक, या भानगडीत पडायचं नाही, फाटक बंद ठेवायला सांगा. बाकीच्यांनी माना हलवल्या. पाळकसाहेब नखांकडे बघत राहिले. मी चिठ्ठी लिहिली: 'गडबड शमेपर्यंत फाटक बंद ठेवावे. कोणासही आत घेऊ नये.'

दुसरं वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं. अर्धवट सूचना मला खपत नाहीत. मामांना वाचता येत नव्हतं म्हणून मी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली आणि समजलं का म्हणून विचारलं. ते म्हणाले, समजलं.

सोमवारी दुपारी पोलिसांनी मोर्चा पिटाळला. आमच्या गल्लीतून माणसं धावली. पहिल्या पाळीहून घरी निघालेला एक गिरणीकामगार त्यात सापडला. तो आमच्या फाटकाशी आला, गज धरून हलवू लागला, उघडा म्हणाला. मामा आतून त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. किल्ली हातात होती. त्यांनी उघडलं नाही. गोळी त्याला तिथेच लागली.

मी शाळेच्या जिन्यात होते. आवाज ऐकला आणि मुलांना बाकांखाली बसवलं. मोजून पन्नास. हजेरी बरोबर भरली याचं मला समाधान वाटलं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

पुढच्या तयारीच्या सभेत मामा न बोलावता उठले. सदरा धुतलेला होता, बाहीचा पट्टा तसाच. ते म्हणाले, "दार मी उघडलं न्हाई. किल्ली हातात व्हती."

थोरल्या पंचांनी त्यांना खाली बसवलं. ते म्हणाले, "अरे, तू सांगितलेलं ऐकलंस. यात तुझा दोष नाही. हा विषय इथला नाही."

"सांगणाऱ्यानं सांगितलं. हात माझा हाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "माझ्या नावावर लिवा, बाई."

या वेळी ते हसत नव्हते. मी लिहिलं. चिठ्ठीबद्दल मी अक्षर काढलं नाही. पंचांनी तरी कुठे काढलं होतं?

सभा संपल्यावर पंच मागच्या खोलीत बसले. हा माणूस उद्या चाळीत जाऊन बोलेल, लोक आपल्यावर चालून येतील, याचीच चर्चा. मामांना गप्प राहायला सांगितलं. ते म्हणाले, मेलेल्याच्या आईकडे तर जावंच लागेल. मग पंचांची आज्ञा मोडली म्हणून त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव झाला. फाटक उघडलं नाही म्हणून नाही, हे ध्यानात घ्या. ठराव मीच लिहिला. नंतर खारी आली, एका पंचाने ती चहात बुडवून चवीने खाल्ली, आणि त्याच्या मिशीवरचे ते ओले पापुद्रे मला अजून दिसतात. तपकिरीची बाही त्यापुढे स्वच्छ म्हणायची.

मामा त्या आईकडे गेले. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी कोकणातली म्हातारी, एकुलता एक मुलगा गेलेला. तिने मासे धुतलेलं पाणी मामांच्या अंगावर ओतलं. ते दुसऱ्या बुधवारी गेले. पुन्हा पाणी. बुधवारी संध्याकाळी आमची प्रार्थना असे. मामा तशाच सदऱ्याने येऊन सतरंज्या घालत, खांद्यावर खवले चिकटलेले. बायकांनी नाकाला पदर लावले. मी त्यांना बाहेर नळावर पाठवलं आणि तोंडाने प्रार्थना चालू ठेवली.

एकदा मी वैतागून विचारलं, मामा, कशाला जाता? सभेत बोललात, झालं.

त्यांनी बराच वेळ तपकिरीची डबी बंदच केली नाही. मग म्हणाले, "दारूचं दोन येळा बोललो, बाई. खाली बसेस्तोवर हलकं वाटलं. पुन्हा प्यालो. ह्यानं हलकं वाटंना. म्हंजी हे खरं असावं."

दारू त्यांनी गोळीबाराच्या महिन्यातच सोडली होती. ते माझ्या वहीत नाही. तिथे फक्त चुकांचा रकाना होता.

प्रभुभोजनाची भाकर शनिवारी मामाच कापत. चौकोनी, सारखे तुकडे. त्या कामाला ते हात साबणाने धूत. रविवारी ताट फिरे तेव्हा ते दाराशी बसलेले असत. ताट त्यांच्यापर्यंत जाऊन वळे. मग द्राक्षारसाचे रिकामे इवले पेले तेच धूत. चार वर्षं हे चाललं. चार वर्षं आम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आणि घरी जाऊन जेवलो.

साठ सालच्या उन्हाळ्यात, महाराष्ट्र झाल्यावर, चाळींवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या तेव्हा मामा तीन रविवार आले नाहीत. गैरहजरांची चौकशी करणं माझं काम. ते तिथेच पडून आहेत असं कळलं म्हणून मी म्हातारीच्या बिऱ्हाडी गेले. मामा तिथे बाजल्यावर होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. म्हातारी त्यांना पेज भरवत होती. ओठांवरून ओघळलेली पेज ती आपल्या पदराने पुसत होती. मला, इतक्या वर्षांत, त्या तोंडाकडे बघवलं नव्हतं.

ती म्हणाली, वर्षभर पाणी ओतलं, मग कंटाळले. नंतर हा खालच्या नळावरचं पाणी वर आणून देऊ लागला. एक दिवस ताट वाढलं. जेवला, तर रडला मेला. तिने हे मामांच्या देखत, भांडल्यासारखं सांगितलं. मामा डोळे मिटून हसले.

मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली.

"दार लावूक त्येका कोणी सांगितल्यान? चार वर्सां इचारतंय, सांगणा नाय. म्हणता, हात माझो होतो. तुमका म्हायत आसा?"

मी म्हणाले, नाही.

तिने माझा हात धरला. म्हणाली, कळलं तर सांगा, मला भांडायचं नाही, आता कोणाशीच नाही, फक्त माहीत असावं. मासळीचा वास तिच्या बोटांना होता. गल्लीच्या टोकाला मी नळ शोधून हात धुतला.

मामा आठवड्याने गेले. पाळकसाहेब शेवटची भाकर घेऊन गेले नाहीत, ठराव रद्द झाला नव्हता. मूठमातीला म्हातारी आली होती. तिने आमच्यासारखीच मूठभर माती टाकली, मग खाली वाकून आणखी एक मूठ टाकली. थोरले पंच रुमालाने हात झटकत होते.

नंतर पंचांच्या सभेत ठराव रद्द करण्याचा अर्ज मी दिला. सगळ्यांनी तो चांगला लिहिला आहे म्हटलं आणि मंजूर केला. मेलेल्या माणसाला आत घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती. आता फाटकाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.

आज शनिवार. सकाळपासून झालेली कामं: भाकर कापली, पेले मोजले, गीतांचे आकडे फळ्यावर लावले, आजाऱ्यांची यादी पाळकांना दिली. राहिलेलं काम एकच: लालबाग, तिसरा मजला, चिठ्ठी मी लिहिली होती हे सांगणे. ते गेल्या शनिवारीही राहिलं होतं.