तारीख पुढे ढकलणेबाबत

मी आज चार लोकांत उभा राहून दोन वाक्यं नीट बोलू शकतो, ते अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातवीत ती वर्गात दुसरी आली होती. त्याच वर्षी आई रोज दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागली आणि घरी चुलीपाशी कोणीतरी हवं म्हणून अक्काची शाळा सुटली. माझी सुटली नाही. मी आठवीला परभणीच्या वसतिगृहात गेलो, तेव्हा पिंगळी स्टेशनवरून सकाळच्या पॅसेंजरने दूधवाल्याच्या हाती माझा डबा यायचा. डबा अक्काचा. तिची अट एकच होती, की रिकामा डबा परत पाठवायचा नाही. आमच्याकडे कोणाचंच भांडं रिकामं परत देत नाहीत; मूठभर साखर, चार शेंगा, काहीतरी घालतात. माझ्याकडे साखरही नव्हती आणि शेंगाही नव्हत्या. मग ती म्हणाली, चिठ्ठी टाकत जा. काय शिकलास ते लिही.

लग्न होऊन ती चुडाव्याला गेली. आठवड्याचा एक डबा येत राहिला, फक्त स्टेशन बदललं.

अशा रीतीने मी पदवीधर झालो, आणि पिंगळीच्याच एका शाळेत मराठी शिकवू लागलो. दहावीच्या मुलांना अर्जलेखन शिकवणं हा माझा हातखंडा. प्रति, विषय, महोदय, आपला नम्र. दुनियेतला कोणताही प्रश्न योग्य व्यक्तीला योग्य नमुन्यात अर्ज केल्याने सुटतो, असं मी मुलांना सांगायचो आणि माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

अक्काच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझी पदवी मराठीची, पण घरात एकच असल्यामुळे ती सगळ्या विषयांना लागू होती. नांदेडच्या दवाखान्यातून रिपोर्ट आला. आबा म्हणजे आमचे वडील, दाजी आणि दाजींची आई असे तिघं माझ्यासमोर मांडी घालून बसले. रिपोर्ट इंग्रजीत होता. मी तिन्ही पानं गंभीरपणे वाचली आणि म्हणालो, "नाव बरोबर आहे. वयसुद्धा बरोबर लिहिलंय."

दाजींनी समाधानाने मान हलवली. निदान सुरुवात तरी चांगली झाली, असं त्यांना वाटलं असावं.

त्या दिवसापासून घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. दाजी 'गाठीचं दुखणं' म्हणायचे, अक्काच्या सासूबाई 'तसलं काहीतरी' म्हणायच्या, आबा नुसते वर बघायचे. मी 'आजार' असा प्रमाण शब्द वापरायचो. अक्का मात्र शेजारणीला दारातूनच सांगायची, "क्यान्सर निघालाय मला. वाटीभर साखर हाय का?" दोन्ही वाक्यांचा सूर एकच.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा. किमोमुळे अक्काच्या तोंडाला चव नव्हती. पुडे इतके साठले, की पुढे दुसरं कोणी आजारी पडलं तर भेटायला जाताना न्यायला म्हणून सासूबाईंनी ते पत्र्याच्या पेटीत वेगळे काढून ठेवले. काही पुडे गावभर फिरून परत आमच्याकडे आल्याचं अक्काने ओळखलं. कोपरा फाटलेला एक तर तिने स्वतःच दिवाळीत कोणाला तरी दिला होता.

येणारा प्रत्येक जण धीर द्यायचा. धीर देण्याची एक ठरलेली पद्धत होती.

"माझ्या मावससासूला आगदी हेच झालतं बघ," एक बाई म्हणाल्या.

"मग आता कशा हायत?" अक्काने विचारलं.

"गेल्या की. दोन वर्सं झाले."

"जाताना बिस्किट खाल्लं होतं का त्यांनी?"

बाईंना हे लागलं. पण चहा पिऊनच त्या उठल्या.

दुसऱ्या डोसानंतर केस गेले. सासूबाई अस्वस्थ झाल्या. नवरा समोर बसलेला असताना बाईने असं डोकं घेऊन घरात वावरणं त्यांच्या डोळ्यांना सोसत नव्हतं. त्यांनी तीन रुमाल आणून दिले. अक्काने त्यातला एक बांधला आणि कोनाड्यातली तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "तू घेऊन जा, मास्तर. तुझे बी लय दिवस राहनार न्हाईत, तवर वापर."

मी तिच्यासोबत प्रत्येक डोसाला गेलो. मी पिंगळीहून गाडीत बसायचो, ती आणि दाजी चुडाव्याला चढायचे. मी जागा धरून ठेवायचो, आणि माझ्या मते पाठिंबा देणं म्हणजे तेच होतं. वाटेत मी तिला पांढऱ्या पेशींबद्दल सांगायचो, जे मला आदल्या दिवशीच कळलेलं असायचं. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "तू चिठ्ठीत बी आसंच लिहायचास. समद्या दुनियाची माहिती, आन तुला ताप आलाय का न्हाई तेवढं नसायचं."

शेवटचा डोस पोळ्यानंतर दोनच दिवसांनी झाला. औषधाने गाठ बरीच लहान झाली होती. डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि बजावून सांगितलं, की शस्त्रक्रिया याच दिवसांत व्हायला हवी. फार थांबलं तर मिळालेलं हातचं जाईल.

दाजींनी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि ते खाली बसले. तारीख पितृपंधरवड्यात पडत होती, आणि त्यातही अहेव नवमीला. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेलेल्या बायकांना त्या दिवशी जेवू घालतात. आमच्या घरी त्या दिवशी आईचं पान वाढलं जातं.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. अक्का आत निजली होती. सासूबाई म्हणाल्या, "पितरपाटात कुनी नवं लुगडं घेत न्हाई, आन तुमी बाई कापायला न्यायलेत. त्यातून अहेव नवमी."

"मग अमावस्या झाल्यावर धरू," दाजी म्हणाले.

"अमावस्या झाली की घट बसतेत. घटात घरची बाई दवाखान्यात?"

"दसऱ्याला?"

"दसऱ्याला डॉक्टर सापडंल का? त्यान्ला बी घरदार हाय."

"मग दसऱ्याच्या मागून."

"मागून कशाला? दिवाळी तोंडावर. भाऊबीज तेवढी होऊन जाऊ द्या."

भाऊबीज म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून मी काहीतरी बोलणं अपेक्षित होतं. पंचांग आणि गाठ यांचा काही संबंध नसतो, हे मी दरवर्षी शाळेत विज्ञान दिनाला माईकवर सांगतो. त्या दिवशी माईक नव्हता. मी आबांकडे पाहिलं. ते कॅलेंडरवरच्या त्या चौकोनाकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी नको रे. बाकी कवाबी ने."

मी म्हणालो, "मी अर्ज करतो."

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

अर्ज चांगला झाला होता, हे आजही सांगतो. प्रति, माननीय डॉक्टर महोदया. विषय: शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलणेबाबत. खाली लिहिलं, की 'कौटुंबिक व धार्मिक अडचणींमुळे सदर दिवशी रुग्णास हजर ठेवणे शक्य होणार नाही, तरी दिवाळीनंतरची सोयीची तारीख मिळावी ही नम्र विनंती.' त्याखाली दाजींची सही, सासूबाईंचा अंगठा आणि आबांची सही. आबांना सही करायला अक्कानेच शिकवलं होतं, ती सातवीत असताना. सगळ्यात शेवटी मी सही केली आणि कंसात शिक्षण लिहिलं.

डॉक्टरबाईंनी नांदेडला माझा अर्ज उभ्यानेच वाचला. त्यांना भेटायला थांबलेल्या माणसांची रांग दारापर्यंत होती.

"हा अर्ज कुणाचा आहे?"

"कुटुंबाचा, मॅडम."

"गाठ कुणाला आहे?"

"बहिणीला."

"मग तिची सही कुठंय?"

मी कागद उलटून पाहिला. माझ्या आयुष्यातल्या इतक्या अर्जांत सहीची जागा मी कधी विसरलो नव्हतो. चार जणांसाठी चार रेघा मारल्या होत्या, पाचवी मारलीच नव्हती.

"तिला विचारलंय का?"

"ती झोपली होती."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "दिवाळीपर्यंत थांबलात तर मी काही खात्री देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "तरीही थांबायचं असलं, तर ते तिनं मला सांगू दे. तुम्ही नाही."

मी मान डोलावली. मग, सवयीचा दोष म्हणा, दुसरी प्रत पुढे करून विचारलं, "यावर पोच मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि लिहिलं: 'पाहिले. रुग्णाची सही आणावी.'

परतीच्या गाडीतून मी चुडाव्याला उतरलो. अक्का ओसरीत शेंगा निवडत होती. बोटांची नखं औषधाने काळी पडली होती. मी कागद दिला. तिने हात पदराला पुसला आणि ओळीखाली बोट फिरवत पूर्ण वाचला. सातवीपर्यंतचं तिचं वाचन पक्कं होतं.

"अक्षर सुदारलं तुझं," ती म्हणाली. "ह्यातला रुग्ण म्हंजे मी का?"

"हो."

"हजर ठेवणे शक्य होणार न्हाई. कामून? मी कुठं चाललेय?"

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"आन भाऊबीज झाल्यावर म्हंजे काय रे? शेवटची करून घ्या, आसं म्हणायचंय का तुमाला?"

"तसं नाही, अक्का. आबांना त्या दिवशी…"

"आबांचं मला कळतंय. पर आईचं तुला कळंना." ती पुन्हा शेंगा निवडू लागली. "आईच्या पोटात दुखायचं तवा डॉक्टरनं तिला बी तारीख दिलती. ती काय म्हनली, ठावं हाय का? पोराची बारावी होऊ द्या. झाली तुझी बारावी. चांगले मार्क पडले."

हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या शब्दाप्रमाणेच हेही आमच्या घरी कोणी उच्चारत नसे.

"नवमीला ती येनारच हाय," अक्का म्हणाली. "दरसाल येती, जेवून जाती. औंदा दवाखान्यात येईल. मला आत नेल्यावर भाईर कुनीतरी धीराचं बसाया पायजे का न्हाई? तुमी चौघं तर असे."

तिने सही केली नाही. कागदाची घडी घालून मला परत दिला. "ह्याच्यात समद्यांचं हाय. तुझं सोत्ताचं काय म्हननं हाय, ते कुठंच न्हाई. तू त्यांच्या वतीनं आलास का तुझ्या?"

मी म्हणालो, "सगळ्यांच्या वतीने."

"आसं," ती म्हणाली आणि आत गेली.

निघताना तिने भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून डबा हातात दिला. तिला स्वतःला चटणीचा वास सहन होत नव्हता. नाकाला पदर लावून कुटली होती. म्हणाली, "जगाला अर्ज लिहितोस. एक मला लिही. डबा रिकामा पाठवू नको."

दोन दिवसांनी दाजी परभणीच्या बाजाराहून परतताना पिंगळी स्टेशनवर भेटले. डबा मी त्यांच्या हाती परत पाठवला. आत ही चिठ्ठी होती.

प्रति,
अक्का,
मु. पो. चुडावा.

विषय: तारीख पुढे न ढकलणेबाबत.

अक्का,

महोदया लिहिणार होतो, पण तू हसली असतीस.

तू विचारलंस ते सांगतो. तो अर्ज माझाच होता. पंचांग मी मानत नाही हे तुला माहीत आहे. सासूबाई भाऊबीज म्हणाल्या तेव्हा मला एकदम बरं वाटलं, कारण तोपर्यंत काही होणार नव्हतं. त्या पितरांना भितात. मला तुझी भीती वाटते, म्हणजे तुला आत नेतील आणि मी बाहेर बाकावर बसेन त्याची. बारावीच्या वेळी आईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी परीक्षेच्या बाकावर होतो, म्हणून मला बाहेरचं बाक माहीत नाही. मला भीती वाटते हे लिहायला सोपं नव्हतं, म्हणून मी तिघांच्या सह्या घेतल्या.

तू नेहमी म्हणायचीस, जगाची माहिती लिहितोस, तुला ताप आहे का ते लिही. तर लिहितो. मला चार दिवस झोप नाही. जेवण जात नाही. तुझी चटणी मात्र संपली.

मी आबांशी बोललो. तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, की आई दवाखान्यात येणार आहे. मग त्यांनी विचारलं, तिथं गच्ची आहे का, कावळे येतात का. मी म्हटलं, बघून ठेवतो. त्या दिवशी आईचं पान आपण तिथंच वाढू. स्वयंपाक मी करणार आहे, तेव्हा आईची आधीच क्षमा मागून ठेव.

दाजींना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे त्यांना मला काही विचारावं लागणार नाही. सासूबाईंना सांग, की पेटीतले दोन पुडे सोबत घेऊ. बाहेर बसणाऱ्यांना लागतील.

आदल्या दिवशी सकाळच्या गाडीला मी आणि आबा पिंगळीला चढतो. चुडाव्याला मी दारात उभा असेन. जागा धरलेली असेल. पांढऱ्या पेशींबद्दल बोलणार नाही.

जुन्या अर्जाच्या दोन्ही प्रती फाडल्या. एकीवर डॉक्टरबाईंचा शेरा होता, म्हणून जिवावर आलं.

तुझा,
भाऊ

ता. क. या अर्जावर एकच सही लागेल. तुझी. पोच डब्यात पाठव.