नांदी सोडून बाकी सगळं

गॅदरिंगला संगीत नाटक करायचं हेडमास्तरांनी ठरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. एका हळदीकुंकवाला त्यांच्या पत्नीने माझं गाणं ऐकलं होतं, तेवढ्यावर हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं. नाटक त्यांनी स्वतःच लिहिलेलं, वनात हरवलेल्या राजकन्येचं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती. एकसष्ट-बासष्ट सालचा हिवाळा होता तो. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा कापसाच्या बैलबंड्यांची रांग शाळेसमोरून दिवसभर हलायची नाही, आणि नाटकासाठी मुलं पाठवा म्हटलं की पालक म्हणायचे, "आधी वेचनी तं होऊ द्या, बाई."

मी एकच अट घातली होती. राजकन्येचं काम मुलाला द्यायचं नाही. आमच्याकडे तोवर गॅदरिंगच्या राणीला आणि राजकन्येला मिशीची लव दिसायचीच, आणि लोक ते चालवून घ्यायचे. हेडमास्तर म्हणाले, "मिळाली मुलगी तर बघा." त्यांना खात्री होती की मिळणार नाही.

शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गातली बाकं भिंतीला सरकवून आम्ही मुलांची परीक्षा घ्यायला बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि पेटीमास्तर. हे भजनी मंडळात पेटी वाजवणारे गृहस्थ, कपाळावर बुक्का, तोंडात सुपारी, आणि पेटीचा भाता असा फाटका की तिला दमा झाल्यासारखा वाटायचा. प्रत्येक मुलाने एकच गाणं म्हणायचं, ते म्हणजे नाटकाची नांदी. पडदा उघडला की सगळ्या पात्रांनी हात जोडून गणपतीला ती म्हणायची, मध्ये राजकन्या, आणि पहिली ओळ तिनेच उचलायची. हेडमास्तरांना आपल्या नाटकातलं सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर ती नांदी.

वकिलांचा मुलगा डोक्याला तेल चोपडून आला आणि नाकातून गायला. एकाला मध्येच हसू फुटलं ते थांबेचना. एक मुलगा पेटीचा पहिला सूर ऐकताच दप्तर टाकून पळाला. त्याचा मला रागही आला नाही, उलट हेवा वाटला. मुली दोनच आल्या, दोघींचे आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नव्हते. दिवसभर साठ साठ पोरांचे वर्ग, संध्याकाळी ही नांदी, आणि घरी गेल्यावर कणीक तिंबताना तोंडात पुन्हा तीच. माझे यजमान एकदा म्हणाले, "आता गणपतीच येऊन हात जोडेल, की बाई, पुरे."

अशा एका संध्याकाळी सातवीतली एक मुलगी आली. तिच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. पेटीमास्तरांनी नांदीचे सूर धरले. ती उभी राहिली, पण तोंड उघडेना.

"भेली पोरगी," पेटीमास्तर म्हणाले.

"भेली नाही," ती म्हणाली. "हे नाही म्हनत मी. दुसरं म्हनतो."

"देवाचं नाव घेतल्यानं जीभ झडते का तुही?"

"म्हण बाई, काहीतरी म्हण," मी म्हणाले. माझं डोकं दुखत होतं.

तिने त्यांच्या वस्तीतल्या बायका जमून म्हणतात तसलं एक गाणं सुरू केलं. पेटीमास्तर तिचा सूर शोधत पट्ट्या चाचपत राहिले, आणि सापडला तेव्हा ते सुपारी चावायचे थांबले. आवाज मोकळा होता, वर जाताना कुठेही ताणलेला वाटत नव्हता, आणि शब्द न् शब्द कळत होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला घरी जायची घाई वाटली नाही.

मी तिला राजकन्येची पदं दिली. दुसऱ्या दिवशी ती दोन पाठ करून आली, तिसऱ्या दिवशी सगळी. मला म्हणाली, "बाई, नांदी सोडून बाकी सगळं म्हनतो." मला त्यात काही अवघड दिसेना. नांदी संपली की तिने यायचं, झालं.

हेडमास्तरांना ते पटलं नाही. "नायिका नांदीला नाही? मग पहिली ओळ कोण उचलणार? ती चाल मी वरच्या आवाजासाठीच बांधलीये." मी भांडले. दुसरं कोणीही उचलेल म्हटलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याने कविता केली होती आणि ती ऐकायला यवतमाळहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. शेवटी म्हणाले, "तिच्या वडलांना बोलवा. समजूतदार आहे तो."

वडील दुसऱ्या दिवशी कामावरून तसेच आले. गवंडी होते, हाताला चुना वाळलेला. बाकीच्या कामांच्या परीक्षेला आलेली मुलं भिंतीशी रांगेत उभी होती, मुलगी पेटीजवळ. सगळं ऐकून घेतल्यावर ते हसले.

"म्हनन ते पोरगी, बाई. नाटकच तं आहे. नाटकात राजाची पोरगी झाली म्हनून घरी येऊन राज्य थोडीच मागते? तिची माय तं आत्तापासूनच वस्तीत सांगत फिरून राह्यली."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी पेटीमास्तरांना नांदी धरायला सांगणार, तेवढ्यात ती बोलली.

"बाबा, नागपूरले दीक्षा घेताना तुम्हीच म्हनायले लावलं होतं ना मले? देव माननार नाही म्हनून?"

"तवा तू सहा वर्साची होती, माय."

"पन बोललो तं मीच. तुमच्या खांद्यावर बसून. तुम्ही म्हनाले, मोठ्यानं म्हन. मी मोठ्यानं म्हटलं."

वडील नखातला चुना खरवडत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते खरं आहे, बाई. मीच सांगतलं होतं. आता कोन्या तोंडानं तिले दुसरं सांगू?" दारापर्यंत गेले आणि थांबले. "मले लय पाहायचं होतं तिले नाटकात," एवढं बोलून ते निघून गेले.

मला तिचा राग आला, हे खरं. एवढ्याशा गोष्टीसाठी, असं माझ्या मनात आलं. हातात आलेली राजकन्या जात होती, पुन्हा ती नाकातली गाणी, पुन्हा हेडमास्तर. तिने लिहून घेतलेल्या पदांचे कागद माझ्या टेबलावर ठेवले, दप्तर उचललं. चेहऱ्यावर काही नव्हतं. "जातो, बाई," म्हणाली आणि सरळ बाहेर गेली.

व्हरांड्यात पोचल्यावर तिला रडू फुटलं. लहान मुलं पडल्यावर रडतात तसं, मोठमोठ्याने, श्वास लागेपर्यंत. तिला ते नाटक किती हवं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. रांगेतली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण दाराकडे वाकून पाहायला निघाला.

पेटीमास्तरांनी कोणाकडेही न बघता पेटीच्या सगळ्या खुंट्या ओढून आवाज मोठा केला आणि भाता जोरजोरात हलवायला लागले. "ये रे, तू ये," त्यांनी रांगेतल्या पहिल्या मुलाला खुणावलं. तो आला आणि त्याने नांदी म्हणायला सुरुवात केली. असा बेसूर मुलगा मी त्या हिवाळ्यात दुसरा ऐकला नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कोणी अडवत नाही हे बघून त्याला हुरूप आला आणि त्याचा आवाज आणखी चढला. नांदी संपली तेव्हा तो घामाघूम झाला होता.

"बाई, अजून म्हनू?" त्याने विचारलं.

बाहेर ती अजून रडत होती.

"म्हण," मी म्हणाले.