यहूदा व्हायला कुणी तयार होईना

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये प्रभूच्या आणि त्याच्या शिष्यांच्या शेवटच्या भोजनाचं एक मोठं चित्र आहे. ते मी काढलंय. त्यातली माणसं टेबलाशी बसलेली नाहीत, पंगतीला बसलीयत. मांडी घालून, पुढ्यात ज्वारीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा आणि मधोमध कंदील. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रविवार आणि सुट्ट्या गाठत गाठत त्याला दीड वर्ष लागलं. चेहरे सगळे आमच्याच मंडळीतले घ्यायचे ठरवले आणि तिथंच घोळ झाला.

पेत्र व्हायला पाच जण तयार. योहान तरुण हवा, तर आमचे एक पंच बासष्टाव्या वर्षी मिशांना कलप लावून हजर! प्रभूला कुणाचा चेहरा द्यायचा यावर भांडणं नकोत, म्हणून मी प्रभूला पाठमोराच काढला. राहता राहिला यहूदा, गुरूला पकडून देणारा. त्याच्यासाठी कुणाला विचारलं की लगेच त्याला काहीतरी काम आठवायचं. एक गृहस्थ तर हात जोडून म्हणाले, "ताई, पोरीचं लग्न जमवायचंय हो, मला त्या जागी नका बसवू." तीन महिने ती जागा नुसती खडूच्या रेघांत रिकामी होती.

शेवटी पप्पा म्हणाले, "मी बसतो. माझं लग्न कधीच झालंय."

पप्पा कन्नडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. मम्मी गेल्यापासून ते पडेगावला माझ्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. बीपीमुळं डॉक्टरांनी त्यांचं मीठ-मिरची बंद केलेली आणि मी घरातली ठेच्याची बरणी कपाटात कुलपात ठेवलेली. पण शास्त्रात यहूदा प्रभूच्याच ताटात घास बुडवतो, म्हणजे चित्रासाठी पप्पांपुढं ठेचा ठेवणं आलंच. मी रंग कालवून वर बघावं, तर भाकरी अर्धी गायब!

"पप्पा, ती चित्रासाठी आहे!"

"मग? हात खरा दिसाया पायजे का नाय?"

असे चार रविवार. त्या गद्दाराच्या तोंडावर असं काही समाधान उतरलं की मला ते पुसवेना. खरं सांगते, अख्ख्या चित्रातला तो सगळ्यात जिवंत चेहरा झाला.

चित्र पुरं झालं तेव्हा पप्पा हात मागं बांधून त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "भाकरी जरा करपलीय." आणि चहा प्यायला गेले. जन्मभर हेच. मी नर्स व्हावं असं त्यांना वाटत होतं, मी रंगांत हात घातला, तेव्हापासून माझ्या चित्राला त्यांनी बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं. आता या वयात काय सांगायचं, पण वाटायचं.

आणि नाव! माझ्या नावाची तर वेगळीच रड. नाताळचं माझं एक चित्र होतं, गोठ्यात कडबा, शेळ्या आणि लुगडं नेसलेली मरिया. ते एका वर्षी भलत्याच गावाच्या कॅलेंडरवर निघालं. माझी सही खोडून तिथं छापखान्याचं नाव. फोन करून विचारलं तर पलीकडचा म्हणाला, "ताई, देवाच्या कामाला नाव कशाला पायजे?" मी म्हटलं, "देवाच्याच दहा आज्ञांपैकी आठवी वाचा जरा, 'चोरी करू नको' म्हणून आहे ती." त्यानं फोन ठेवला. पुढं फोनवर लोकांच्या शुभ सकाळच्या फुलांमध्येही माझी मरिया फिरत राहिली, बिननावाची. शेवटच्या भोजनावर मात्र मी डाव्या कोपऱ्यात, यहूदाच्या गुडघ्याखाली, ठळक सही केली होती. हे तरी माझं म्हणून राहावं, एवढीच इच्छा होती.

माझी शाळा शहरात, म्हणजे पडेगावहून उलट्या बाजूला. दौलताबाद रोडला माझं जाणं नसतंच. मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीकडे निघाले होते, तर रस्त्याच्या कडेला एका ढाब्यावर हा एवढा मोठा बोर्ड! स्कूटीचा ब्रेक मी असा दाबला की मागच्या जीपवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. बोर्डावर माझी पंगत होती. पण अख्खी मावली नाही म्हणून फ्लेक्सवाल्यानं कात्री चालवलेली. पेत्र गेला, कलपवाला योहान गेला, खुद्द प्रभू कापला गेला. उरलं कोण, तर यहूदा! दुप्पट मोठा करून मधोमध बसवलेला, हातात भाकरी, तोंडावर तेच समाधान. वर लिहिलेलं, 'घरच्यासारखं जेवण.' आणि माझ्या सहीच्या जागी पिवळी पट्टी होती, 'पार्सल मिळेल.'

हसावं की रडावं कळेना. शेवटी रागच आला.

माझा भाचा वकिली करतो. तो म्हणाला, "मावशी, चित्र तू चर्चला दिलंस. पण छापायचा हक्क कुणाला लिहून दिलास का?"

"नाही."

"मग तो तुझाच. नोटीस पाठवू. पण फोटो त्याच्याकडे गेला कसा, ते आधी शोध."

झालं! मी अख्ख्या मंडळीवर संशय घेतला. हॉलची किल्ली कुणाकडे असते, ईस्टरला फोटो कुणी काढले, सगळं खोदून विचारलं. कलपवाल्या पंचांची तर उलटतपासणीच घेतली, ते बिचारे अजून माझ्याशी जपून बोलतात. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे ना माय, कुणीतरी लावला असंल," आणि न जेवता उठले. "आज भूक नाय." दर गुरुवारी त्यांना भूक नसायची. गुरुवारी ते बायबल बगलेत मारून जुन्या मित्राकडे प्रार्थनेला जायचे ना, तिथं काहीतरी खाणं होत असेल, असं मी समजून चालले होते.

नोटिशीचा कागद तयार झाला. पोस्टानं पाठवण्याआधी ढाबेवाल्याचं तोंड तर बघावं, म्हणून अर्धी रजा टाकून मी तिथं गेले. वार गुरुवार होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

आत पाऊल टाकलं तर समोर पप्पा. पाठ माझ्याकडे. टेबलावर बायबल आणि बायबलाशेजारी शेवभाजी, भाकरी, ठेचा. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून दमले होते! पलीकडच्या खाटेवर बसलेल्या तिघा शेतकऱ्यांना पप्पा बोर्डाकडे हात करून सांगत होते, "त्यो मी. यहूदा म्हंजी आमच्या पुस्तकातला लई बदनाम गडी. कुणी बसाया तयार नव्हतं, पोरीचं चित्र अडलं होतं. म्हणलं, मी बसतो."

"कुणी काढलं?" त्यातल्या एकानं विचारलं.

"माझ्या लेकीनं. त्या हाताच्या शिरा बघा. डेपोत चाळीस वर्षं पाना फिरवलेला हात हाय, तिनं बरोबर ओळखला. असं काढणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाय."

मी दारातच थांबले. नोटीस हातात, आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं मला ऐकायचं होतं ते शेवभाजीच्या वासात, परक्या माणसांना सांगितलं जात होतं. आनंद झाला, आणि त्याहून जास्त राग आला. मला सांगायला काय झालं होतं?

"पप्पा!"

त्यांचा हात ठेच्यावरच थबकला. अगदी चित्रातल्यासारखा.

"फोटो तुम्ही दिलात?"

"मोबाइलवर दाखवला. त्याला आवडला. म्हणला, द्या बाबा."

"आणि लेकीला विकायचं काय घेतलंत?"

"गुरुवारची शेवभाजी," पप्पा खाली मान घालून म्हणाले. मग हळूच, "आन् ताक."

"अहो, यहूदानं निदान तीस चांदीची नाणी तरी घेतली होती!"

शेतकरी हसायला लागले, पप्पाही लागले आणि माझंही तोंड काही सरळ राहिना. ढाबेवाला मात्र धावत आला. पडेगावकडचाच शेतकरी माणूस, रस्त्यालगतच्या तुकड्यात ढाबा टाकलेला. नोटीस वाचून तो घाबरला. "ताई, चुकलं. बाबांनी दिलं, मला वाटलं बाबांचंच हाय. आत्ता काढतो बोर्ड."

पप्पांचा चेहरा पडला. ते ताटाकडे बघत राहिले.

"बोर्ड राहू द्या," मी म्हटलं. "त्यावर माझं नाव पाहिजे."

"नाव कशाला, ताई? येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा सांगतातच की."

"ते आहेत तोवर सांगतील."

बोलून गेले आणि जीभ चावली. पप्पांनी ताकाचा ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि ढाबेवाल्याला म्हणाले, "खरं हाय तिचं. शिडी आण."

दाराला लावायचा काळा ऑइलपेंट निघाला. ब्रश माझ्या पर्समध्ये असतोच. मी शिडीवर चढले, पप्पा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे. सवयीनं मी डावा कोपरा शोधायला लागले.

"कोपऱ्यात नको लिहू," खालून आवाज आला. "कोपरं कापत्यात लोक. माझ्या अंगावर लिही. मला कोण कापतंय?"

ते खरंच होतं. सगळे कापले गेले तरी ते राहिले होते.

ब्रश रंगात बुडवला. मग मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर माझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्या नावासकट.