वादी कबीरला बसवलेले तास

मस्कतमध्ये सात वर्षं मी टाइमकीपर होते. कुणाला हसायचं असेल तर हसा, आमच्या ओळखीत सगळे हसलेच. बी.कॉम. झालेली, डोंबिवलीहून लग्न करून आलेली बाई आणि काम काय, तर फिटर-वेल्डरचे तास मोजते. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की माझ्याआधी नवराच घाईघाईने सांगायचा, "ती अकाउंट्समध्ये आहे." मला चीड यायची. टाइमकीपर आहे म्हण ना, त्यात लाज कसली? लाज वाटावी असं जे काम मी केलं ते निराळंच होतं, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमची कंपनी पाइपलाइनची आणि टाक्यांची कंत्राटं घ्यायची. वर्कशॉप मस्कतच्याच वादी कबीर भागात, मुलीच्या शाळेपासून पाच मिनिटांवर, आणि वर्कशॉपच्याच माडीवर आमचं ऑफिस. मोठं काम त्या वर्षांत गाडीने अडीच तासांवरच्या सोहारला चालू होतं, तिथलं बंदर उभं राहत होतं म्हणून. प्रत्येक टोळीचा फोरमन रोज एक शीट भरायचा: माणसाचं नाव, कुठल्या कामावर होता त्याचा जॉब नंबर आणि किती तास. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमधून ती शीटं माझ्या टेबलावर यायची आणि मी ती कॉम्प्युटरमध्ये भरायची. एकाच नोंदीचे दोन उपयोग. माणसाचे एकूण तास किती, त्यावर त्याचा पगार. आणि कुठल्या कामाने किती तास खाल्ले, त्यावर त्या कामाचा खर्च.

ऐकायला किती सरळ वाटतं. पण कंत्राट घेताना साहेब लोक तास कमी दाखवून काम मिळवतात आणि मग अर्ध्या वाटेत तास संपतात, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. संपले की काय करायचं? तर ते दुसऱ्या कामावर 'बसवायचे'. आमच्याकडे हाच शब्द होता. माणूस राबतोय सोहारला, पण कागदावर त्याचे तास वादी कबीरच्या वर्कशॉपच्या नंबरवर, कारण त्या नंबरवर अजून जागा शिल्लक आहे. दर बुधवारी दुपारी, तिथली गुरुवार-शुक्रवारची सुट्टी लागायच्या आधी, आमचे साहेब यादी द्यायचे आणि म्हणायचे, "हे बारा जण जरा वादी कबीरला बसवून टाका."

हे साहेब पुण्याचे. बोलणं असं साजूक, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. गणपतीत मुलांना बक्षिसं वाटताना संस्कारांवर अर्धा तास बोलायचे आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "साहेब, हे बरोबर आहे का?" तर ते हसले आणि म्हणाले, "त्याचा पगार कमी होतोय का? एक तास तरी बुडतोय का? मग कुणाचं काय गेलं?" खरंच कुणाचं काही जात नव्हतं. पगाराची बेरीज तीच यायची. ते मला पटलं, म्हणजे मी ते पटवून घेतलं.

नुसतं कॉम्प्युटरमध्ये बदलून भागत नसे, ऑडिटला कागद लागतो. म्हणून मी नवं शीट लिहायची, फोरमन पुढच्या खेपेला आला की न वाचता सही ठोकायचा, आणि जुनं शीट मी फाडून टाकायचं असा नियम होता. ते मात्र मी कधी केलं नाही. फार मोठ्या तत्त्वासाठी नव्हे हो. पाठकोरा कागद फाडणं माझ्या हाताला जमतच नाही, आमच्या घरात लहानपणापासून किराण्याच्या यादीलासुद्धा पाठकोराच कागद. आणि माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत मैत्रिणींशी इंग्रजी, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि माझ्याशी "आई, मी भूक लागली" असलं मराठी बोलत होती. मग मी ती शीटं पर्समध्ये घालून घरी आणायची, एकेक स्टेपल करत तिचं पॅड वाढवत न्यायची. रोज त्यावर मराठीत दहा ओळी लिहायच्या, मग टीव्ही. वही विकत घ्यायला काही पैसे कमी नव्हते. सवय, दुसरं काय.

त्या बारा जणांत दापोलीकडचा एक पाइप फिटर होता. पन्नाशीला टेकलेला, माझ्या कितीतरी आधी ओमानला आलेला. सोहारहून मस्कतला कधी काही कामाला आला की माडीवर चढून यायचा आणि पिशवीभर लिंबं टेबलावर ठेवायचा, तिकडची लिंबं फार रसाळ. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. दर वेळी एकच विचारायचा, "ताई, माझा नाव बरोबर लिवलात ना?" आणि मी दर वेळी हो म्हणायची. नाव बरोबरच होतं की.

एका सोमवारी सकाळी सोहारला साखळीतून पाइप सटकला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. मंगळवारी पिकअपमधून शीट आलं. त्यात त्याचं नाव, सोहारचा जॉब नंबर, तास चार, आणि पुढे फोरमनच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, की जखमी झाला, हॉस्पिटलला नेला. मी ते वाचतेय तोवर साहेबांचं बोलावणं आलं.

त्यांनी दार लावायला सांगितलं. म्हणाले, "गेले तीन आठवडे तो कागदावर वादी कबीरला आहे. आता इन्शुरन्सवाले कागद मागणार, आणि क्लायंटला जर कळलं की आपली इतकी माणसं नोंदीशिवाय साइटवर आहेत, तर पुढचं काम गेलं म्हणून समजा. तेव्हा सोमवारी तो गैरहजर. न सांगता सोहारला गेला, चुलतभाऊ असतो त्याचा तिथे. त्याच्या खासगी कामात लागलं असेल."

मी म्हटलं, "साहेब, त्याला वादी कबीरला बसवलाय तो मी, माझ्या हाताने. तो तिथे कामावर होता हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय," ते म्हणाले. "आपली माणसं आहात तुम्ही. आपण त्याला तिकीट देऊ, थोडंफार हातावर ठेवू. माणुसकी आहेच ना."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गेली तर गेली, मी उठले आणि खाली मान घालून टेबलाशी आले. माझा व्हिसा त्याच कंपनीचा होता, घराच्या भाड्यात माझा पगार जात होता. मी नवं शीट लिहिलं. त्याच्या नावापुढे 'गैरहजर'. फोरमननेही सही केली, त्यालाही त्याचा व्हिसा होताच, आणि त्याच्याकडच्या प्रती साहेबांनी मागवून घेतल्या. मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते मी नीट, सुवाच्य अक्षरात केलं. खरं शीट नेहमीच्या सवयीने पर्समध्ये गेलं.

गुरुवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आम्ही सोहारला हॉस्पिटलमध्ये गेलो. पाय जाड बँडेजमध्ये होता, दोन बोटं काढली होती आणि आणखी एक ऑपरेशन करावं लागणार होतं. 'कामावर असताना' असं कागदावर असतं तर ते ऑपरेशन, भरपाई, रजेचा पगार, सगळं हक्काचं होतं. नसेल तर परतीचं तिकीट आणि राम राम. त्याला हे सगळं कुणीतरी सांगितलं होतं, पण तो भरपाईचं बोललाच नाही.

"पायाचा काय व्हायचा ता होईल," तो म्हणाला. "पन मी कामावर नव्हतो, आसा कसा लिवला ताई? बावीस वर्षं झाली मना हय. एक दिवस खाडा नाय केला. आता गावात जाऊन काय सांगू, काम सोडून भटकत होतो?"

मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. "तो कागद मीच लिहिला," एवढं त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालणं फार सोपं होतं, त्या मी परतीच्या अख्ख्या रस्त्यावर घातल्या. शेवटी नवरा म्हणाला, "तुझं खरं आहे. पण पुरावा काय तुझ्याकडे? तुझा शब्द आणि त्यांचा कागद."

शुक्रवारी सकाळी मुलगी दहा ओळी दाखवायला पॅड घेऊन आली. विषय मीच दिला होता, माझी आई. मी नेहमीसारखं पॅड हातात घेतलं, चुका बघायला पान उजेडात धरलं, आणि मागून फोरमनचं वेडंवाकडं अक्षर दिसलं. सोमवारचं शीट. त्याच्या खाली त्याआधीच्या आठवड्याचं, त्याआधीचं, तीन आठवड्यांची सगळी खरी शीटं, सह्यांसकट. पॅडभर माझ्या मुलीची काना-मात्रा आणि प्रत्येक पानामागे त्या बारा जणांची नावं, सोहारच्या नंबरसमोर. मी तिच्या हातून पॅड जवळजवळ ओढूनच घेतलं. ती घाबरून म्हणाली, "आई, इतका चूक आहे?" मी म्हटलं, "नाही गं, तुझं काहीच चूक नाहीये."

नवऱ्याने पॅड चाळलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हिसा जाईल तुझा." मी म्हटलं, "जाऊ दे." शनिवारी लेबर ऑफिसला गाडी त्यानेच नेली. आयुष्यात त्याच्यावर मी पुष्कळ वेळा चिडले आहे, पण त्या दिवशी त्याने गाडी काढली हे मी विसरलेले नाही.

तिथला ओमानी अधिकारी वयस्कर होता, सावकाश बोलणारा. त्याने कंपनीकडून मागवलेली शीटं एका बाजूला मांडली आणि माझं पॅड दुसऱ्या बाजूला. एकेक पान उलटत मागचं मराठी बघितलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय. मी म्हटलं, माझ्या मुलीने. मग कंपनीच्या शीटवर बोट ठेवून त्याने विचारलं, "आणि हे?"

"मी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता लिहीत राहिला आणि मी समोर पदराशी चाळा करत बसले.

फोरमनला बोलावल्यावर त्याने सगळं कबूल केलं. फिटर कामावर होता हे मान्य झालं, ऑपरेशन झालं, त्याला मिळायचं ते मिळालं. मला महिन्याभरात "खलास" सांगण्यात आलं, म्हणजे नोकरी गेली, कारण दिलं कामात गुप्तता न पाळल्याचं. मी नवऱ्याच्या व्हिसावर राहिले. साहेबांना काय झालं? काही नाही. कंपनीला जरा झळ लागली, ते कुठल्या तरी दुसऱ्या कामावर गेले. त्या वर्षीच्या गणपतीत पुन्हा बक्षिसं वाटली, पुन्हा संस्कार, आणि टाळ्यासुद्धा पुन्हा. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "कशाला गं आपल्याच माणसाचं नाव खराब केलंस?" चोर तो चोर, वर शिरजोर, आणि त्याला टाळ्या वाजवायला आमचं अख्खं मंडळ. आपला माणूस म्हणे. दापोलीचा तो कुणाचा होता मग?

भारतात कायमचा परत जायच्या आधी फिटर आमच्या घरी आला, काठी टेकत, पिशवीत लिंबं घेऊन. लेबर ऑफिसने पॅड परत दिलं होतं. ते बघायचंय म्हणाला. मी सोमवारचं शीट काढून त्याच्यासमोर धरलं. "वाचून दाखवा ताई," तो म्हणाला. मी वाचलं: त्याचं नाव, सोहार, चार तास, जखमी. त्याने आपल्या नावावर अंगठा ठेवला. "आसाच होता," म्हणाला. मग त्याने कागद पालथा केला. "आनी ह्या काय लिवलाय? मराठी दिसता."

मराठी त्याला लावून लावून वाचता यायचं, शाळा मराठीच झाली होती. मी कागद घ्यायला हात पुढे केला, पण तो वाचायला लागला होता, एकेक अक्षर जोडत.

"माझी आई ऑफिसात लोकांचे तास लिहिते. कोण माणूस कुठे होता ते माझ्या आईला सगळे माहीत असते."

त्याने वर बघितलं. रागाने नाही. खरंच विचारावं तसं त्याने विचारलं, "तुमाला माहीत होता ना ताई?"

मुलगी दारात उभी होती.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तो उठला, काठी घेतली. माझ्यासाठी आणलेली लिंबांची पिशवी टेबलावरच होती, ती त्याने उचलून माझ्या मुलीच्या हातात दिली.