बाजारात वाचून दाखवलेली बाई

मी शाळेत होतो तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. त्या दिवसांत आमच्या शाळेच्या वाचनालयात एक रेडिओ आला. ट्रंकेएवढा मोठा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की आम्ही पोरं ती हातगाडीवर घालून कापसाच्या जिनिंग कारखान्यात भरायला न्यायचो. संध्याकाळी बातम्या लागल्या की वाचनालयाच्या खिडक्यांना माणसं लटकायची, पण खरखरीमुळे निम्म्यांना काही कळत नसे, आणि खेड्यापाड्यांतून बाजाराला येणाऱ्यांना तर रेडिओ आहे हेच माहीत नव्हतं.

आमचे मराठीचे मास्तर तरुणपणी अमरावतीला एका साप्ताहिकात काम करून आलेले होते. त्यांनी ठरवलं की पोरांनी रेडिओवरच्या बातम्या उतरवून घ्यायच्या, त्यात गावातल्या बातम्यांची भर घालायची आणि आठवडी बाजारच्या दिवशी ओट्यावर उभं राहून सगळं मोठ्यानं वाचायचं. लाउडस्पीकर आमच्याकडे कुठला? टिनाचं काम करणाऱ्या एका माणसानं रॉकेलचे डबे कापून आम्हाला हातभर लांबीचा कर्णा करून दिला. राजकारणाचं काही वाचायचं नाही, या अटीवर हेडमास्तरांनी परवानगी दिली. आम्ही सात जण होतो. आमच्या या खटाटोपाला लोक ‘पोराईचा रेडिओ’ म्हणायला लागले.

मास्तर शिस्तीचे होते. जे सांगाल ते आधी डोळ्यांनी पाहून या, म्हणायचे. एकानं सांगितलं तर दुसऱ्याला विचारा. आणि एखाद्या माणसाबद्दल लिहिलं असेल तर ते बाजारात वाचण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा; त्यानं नको म्हटलं तर फाडून टाका. हे शेवटचं ते दर आठवड्याला सांगायचे. आम्ही माना डोलवायचो.

युद्धाच्या बातम्या वाचायचं काम माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे होतं. त्याचा आवाज भरदार होता, आणि तो बोलायला लागला की बैल विकणारेसुद्धा वळून पाहत. माझ्याकडे होतं देवी टोचणारा कधी येणार, कुणाची गाय हरवली, कुठला रस्ता खचला. मी वाचायला लागलो की लोक मिरच्या निवडायला लागत. हे मला फार लागायचं. आज कबूल करायला हरकत नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथूनच झाली.

पुढं मास्तरांनी एक सदर सुरू केलं. दर बाजाराला गावातल्या एका कष्टकऱ्याची हकीगत सांगायची. पहिल्यांदा दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याची झाली, मग टांगेवाल्याची. टांगेवाला स्वतः टांगा उभा करून ऐकायला आला होता आणि ऐकताना रडला. तिसरी पाळी माझी होती.

आमच्या घरामागच्या खोलीत एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन राहत होती. वय पंचविशीच्या आत-बाहेर. ती जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि पालापाचोळा वेचायला जायची. नवरा नागपूरला गिरणीत आहे, असं तिनं माझ्या आईला सांगितलं होतं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात. मीही तिला बाईच म्हणायचो. ती मला बापू म्हणायची. तिची पोरगी दुपारभर आमच्या अंगणात असायची. कर्णा माझ्याकडे असला की त्यात तोंड घालून ती स्वतःचंच नाव ओरडायची आणि हसत सुटायची.

एके दिवशी बाईनं मला पोस्टकार्ड लिहून मागितलं. तिच्या भावाला कळवायचं होतं की मी जिवंत आहे, पोरगी बरी आहे, शोधू नका. लिहिता लिहिता मी विचारलं आणि तिनं मला सगळं सांगितलं. मेडशीच्या पुढं तिचं सासर. नवरा मारायचा. एकदा त्यानं पाट फेकून मारला, तेव्हा तिचा समोरचा दात अर्धा तुटला. पोरीवर हात उगारला त्या दिवशी ती झुंजूमुंजू होताच घरातून निघाली आणि पोरीला काखेत घेऊन दोन दिवस चालत वाशीमला आली. वाटेत एका मळ्यात कुणी भाकरी दिली, तेवढ्यावर. कार्ड लिहून झाल्यावर तिनं ते मला वाशीमच्या पेटीत टाकू दिलं नाही. शिक्क्यावरून गाव कळतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. माझा मामा अकोल्याला जाणार होता. ते कार्ड त्याच्याबरोबर पाठवून तिथल्या पेटीत टाकायला लावलं. इतकी ती जपून होती. आणि ती का जपून आहे, हे ठाऊक असणारा वाशीममध्ये मी एकटाच होतो.

मी तिची हकीगत लिहिली.

नाव घातलं नाही. गावाचं नावही घातलं नाही, नुसतं ‘मेडशीच्या पुढच्या एका खेड्यातून’ असं लिहिलं. पण मास्तरांनी शिकवलं होतं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे. म्हणून अर्धा तुटलेला दात घातला. डाव्या मनगटावरचं विंचवाचं गोंदण घातलं. चार वर्षांची पोरगी घातली, तिच्या भुवईवरचा तीळ घातला, दोन दिवसांची वाट घातली. जिनिंगमध्ये कवडी वेचणारे हात तर लेखाच्या पहिल्याच ओळीत होते. लेख चांगला उतरला होता, यात शंका नाही.

मास्तरांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, “त्यांना वाचून दाखवलंस?”

मी हो म्हणालो.

दाखवला नव्हता. विसरलो होतो म्हणावं तर तसंही नाही. ती नको म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती नको म्हणाली असती तर बाजारच्या दिवशी मी पुन्हा हरवलेल्या गायी वाचत बसलो असतो.

त्या दिवशी बाजार कधी नव्हे इतका गप्प झाला. माझा आवाज लागला होता. पाटाची गोष्ट आली तेव्हा भाजीवाल्या बायांनी पदर तोंडाला लावला. बाई तेव्हा जिनिंगमध्ये कामावर होती. हंगाम भरात असल्यानं तिला बाजारलाही सुट्टी नव्हती. हेही मी आधीच पाहून ठेवलं होतं.

ओट्यावरून उतरलो तर चार-पाच जणांनी पाठ थोपटली. त्यांच्यामागं एक माणूस थांबला होता, डोक्याला पांढरं पागोटं, बोलायला मऊ. तो म्हणाला की ही बाई त्याच्या नात्यातली दिसते. घरी तिची माय अंथरुणाला खिळली आहे, लेकीचं तोंड पाहायचं म्हणते. सगळे शोधून शोधून थकले. मग त्यानं विचारलं, “कुठी राह्यते ती? तुमाले तं ठावं असंनच, तुमीच तं लिहिलं.”

‘तुमीच तं लिहिलं’ हे त्यानं असं काही म्हटलं की मला बरं वाटलं. सोळा वर्षांच्या पोराला एक मोठा माणूस तुम्ही म्हणत होता. मी त्याला गल्ली सांगितली. आमच्या घराची खूणही सांगितली. मायचं आजारपण खरं की खोटं, ते दुसऱ्या कुणाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात बैलगाडी आली. तिच्यातून तिघे उतरले. पागोटेवाला त्यांत नव्हता. बाईचा नवरा कोण हे ओळखायला मला वेळ लागला, कारण मी लिहिलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. बुटका, किडकिडीत, पायातल्या वहाणा काढून आमच्या आईला नमस्कार करणारा. तो आरडाओरडा करायला आला नव्हता. त्यानं अंगणात खेळणाऱ्या पोरीला उचललं आणि गाडीत बसवलं. पोरगी रडायला लागली तसं बरोबर आलेल्या त्याच्या भावानं तिला गूळ दिला.

बाई खोलीच्या दारात उभी होती. आईनं मध्ये पडून पाहिलं. पोलिसांत सांगू म्हणाली. नवरा शांतपणे म्हणाला की पोरगी माझी आहे, तिला मी नेतो; तिच्या मायवर जबरदस्ती नाही, तिला यायचं तर यावं. गल्लीतले लोक गोळा झाले होते आणि त्यांना यात चुकीचं काही दिसत नव्हतं. बाई आत गेली. लुगडं आणि दोन भांडी फडक्यात बांधून बाहेर आली. आईच्या पाया पडली.

मी पडवीच्या खांबाला धरून उभा होतो. ती माझ्यापाशी थांबली. जिनिंगमध्ये तिला कुणीतरी लेखाचं सांगितलं असणार, कारण तिनं मला काही विचारलं नाही.

“बापू,” ती म्हणाली, “मी तुले सांगतलं होतं. बजारले नव्हतं सांगतलं.”

रागानं नाही म्हणाली. एखादा हिशेब समजावून सांगावा तशी म्हणाली, आणि गाडीत चढून पोरीला मांडीवर घेतलं.

दुपारी मी मास्तरांकडे गेलो. लेख बाईला वाचून दाखवला नव्हता, एवढं कबूल केलं. गल्लीचं सांगितलं नाही.  मास्तर म्हणाले की लेखात तीळ आणि गोंदण राहू दिलं ती चूक त्यांची. वय त्यांचं मोठं, साप्ताहिकाचा अनुभव त्यांना, त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला मारलं असतं तर मी कदाचित उरलेलंही सांगून टाकलं असतं.

प्रकरण हेडमास्तरांपर्यंत गेलं, कारण माझ्या आईनंच जाऊन विचारलं की पोरांना हे कोण शिकवतं. मास्तरांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. कर्णा वाचनालयाच्या कपाटात गेला. बाकीच्या सहा जणांना वाटलं की मास्तरांच्या हलगर्जीपणामुळे आपला रेडिओ बंद पडला, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. माझ्यासमोर बोलायचे. मी ऐकून घ्यायचो.

युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं. मला शाळाखात्यात कारकुनी मिळाली आणि शाळांच्या तपासणीच्या कामानं मी तालुक्याबाहेर फिरायला लागलो. एकदा मेडशीला जाणं झालं. काम सकाळीच आटोपलं. बसला अवकाश होता म्हणून, असं स्वतःला सांगत मी पुढच्या गावाच्या वाटेनं चालायला लागलो. खरं म्हणजे मी घरून निघतानाच ते ठरवलं होतं.

विचारत विचारत गेलो. ती एका शेतात कापूस वेचत होती, कापूस टाकायला कमरेला ओटी बांधलेली. मला तिनं लगेच ओळखलं. शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. तिनं मात्र मला ओळखलं नाही. भुवईवरचा तीळ तसाच होता. बाईनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेल्या मडक्यातलं पाणी दिलं, आईची चौकशी केली. मी कसं काय चाललंय विचारलं. सासू गेल्यापासून घर आपल्या हाती आहे, म्हणाली. नवऱ्याला दम्यानं धरलंय, आता त्याच्यात मारायचं त्राण नाही. ते ऐकून मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मधली वर्षं कशी गेली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बोलताना ती ओठ मिटून घ्यायची. आता समोरचे तीन दात नव्हते.

मग ती म्हणाली की मास्तर येऊन गेले होते. गाडी गेल्यावर पंधरा दिवसांतच, मेडशीपासून विचारत विचारत आले होते. सासरच्यांनी त्यांना ओसरीवरही चढू दिलं नाही, तर ते विहिरीवर तिची वाट पाहत उभे राहिले आणि तिला हात जोडून माफी मागून गेले. हे मला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला ते उरले नव्हते. आदल्या वर्षीच गेले होते.

“मी म्हनलं, मास्तर, तुमचा काय कसूर,” ती म्हणाली. तिनं पोरीकडे पाहिलं. “पन येक गोष्ट मले आजलोक समजली नाही. लेख तं बजारात वाचला. गल्ली कोनं सांगतली आसंन?”

ती मला विचारत होती की नुसतंच बोलत होती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी सांगायलाच आलो होतो. मेडशीपासून चालताना वाक्य मनात जुळवलंही होतं. पण मुलगी तासातून वर बघत होती, आणि मी म्हणालो की ऊन फार झालंय, माझी बस चुकेल.

बाई हो म्हणाली. ओटी सारखी करून पुन्हा वेचायला लागली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी तपासणीचे अहवाल लिहिले. कुणाबद्दल काही लिहायचं असलं की त्या माणसाला आधी बसवून वाचून दाखवायचो. हाताखालचे लोक हसायचे, वेळ जातो म्हणायचे. या सवयीबद्दल कुणी माझं कौतुक केलं की मी विषय बदलतो. गल्ली कुणी सांगितली हे तिला सांगायला मी पुन्हा कधी मेडशीच्या पुढं गेलो नाही, आणि एकदा तर बस त्याच रस्त्यानं जात असताना मी खिडकीकडची जागा शेजारच्या माणसाला दिली.