लोकरवाल्या ताई आणि दहाचे युनिट

बाजाराच्या कोपऱ्यावरचे लोकरीचे दुकान विकून दोन वर्षे झाली, तरी लोक दोघी बहिणींतल्या थोरलीला लोकरवाल्या ताई म्हणूनच ओळखत. ताईंनाही ते आवडे. रस्त्यात कुणी स्वेटर घातलेला दिसला की त्या आधी वीण पाहत आणि मग माणूस. "बाह्या ओढून शिवल्यात," असे पुटपुटत पुढे निघत. माणूस ओळखीचा असला, तर त्याला उभ्या उभ्या ऐकवतही.

ताईंचे लग्न झाले नाही; म्हणजे त्यांनीच होऊ दिले नाही. वडील गेले तेव्हा त्या विशीत होत्या आणि पाठची बहीण शाळेत. आई त्याआधीच गेलेली. तेव्हापासून त्या बहिणीची आईही झाल्या आणि वडीलही. बहीण आता सत्तरीला आली होती, गुडघे धरून जिना चढत होती, पण ताईंच्या तोंडी ती अजून चिमणीच होती. दुकान चालू असताना चिमणी मागच्या खोलीत विणायची आणि ताई पुढे गल्ला सांभाळायच्या. चिमणी आयुष्यात कधी बँकेची पायरी चढली नाही. तिला जमले नसते असे नाही. ताईंनी तशी वेळच येऊ दिली नव्हती.

त्या मागच्या खोलीत आणखी एक काम चाले. लोकर यायची ती मोठ्या, जाड लडींमध्ये. लडीची किंमत ऐकली की बायका हात मागे घेत. "बघते, घरी विचारते," म्हणत नि परत येत नसत. मग ताईंनी युक्ती काढली. चिमणीने दोन्ही हातांवर लड ताणून धरायची आणि ताईंनी भराभर तिचे मुठीएवढे गुंडे करायचे. लोकर तीच, रंग तोच, तोलाला भावही तोच. पण गुंडा लहान म्हणून आकडा लहान. दोन गुंडे घ्यायला आलेली बाई आठ घेऊन आनंदाने जायची.

"फसवणूक नाही हं ही," ताई बजावत. "वजन लिहिलेलं असतं वर. कुणी वाचतच नाही, त्याला मी काय करू?"

"तू अक्षरच इतकं बारीक काढतेस," चिमणी आतून म्हणायची.

दुकानाच्या कमाईतून जे शिल्लक पडत गेले, ते ताईंनी एका म्युच्युअल फंडात ठेवले होते. खूप लोकांचे पैसे एकत्र करून ते कंपन्यांच्या शेअर्समध्ये घालायचे, आणि त्या मोठ्या गाठोड्यातला आपला वाटा म्हणजे आपली युनिट्स, एवढे त्यांना ठाऊक होते. हे सारे त्यांना करून दिले ते एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने. लहानपणी तो आईचा पदर धरून दुकानात यायचा. आता त्याला टक्कल पडले होते, पोट सुटले होते आणि सगळा बाजार त्याला फंडवाला म्हणत होता. ताईंना तो मोठ्या मावशी म्हणे आणि चिमणीला छोट्या मावशी.

ह्या वर्षी ताईंना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासले आणि हृदयाची झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन करून घ्यायला हवे, असे स्पष्ट सांगितले. ताईंनी खर्च विचारला. तो ऐकून त्यांनी छत्री उचलली आणि घरी येऊन चिमणीला सांगितले, "वय झालंय म्हणे. गोळ्या दिल्यात."

त्यानंतर मात्र त्यांना एकाच विचाराने घेरले. आपण गेल्यावर हिचे कसे होणार? आहे ते हिला पुरेल का? आणि अशात वर्तमानपत्रात नव्या फंडाची मोठी जाहिरात आली. युनिट फक्त दहाला. त्यांच्या जुन्या फंडाचे युनिट चारशेवर पोहोचले होते. ताईंनी मनातल्या मनात भागाकार केला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हलके वाटले. लगोलग त्यांनी फंडवाल्याला घरी बोलावून घेतले.

तो दुपारी आला. ताईंनी चहाबरोबरच विषय पुढे ठेवला.

"माझं ते चारशेचं सगळं काढ आणि ह्या दहाच्या फंडात घाल."

फंडवाल्याने कप खाली ठेवला. "का हो मावशी? चांगलं चाललंय की ते."

"का म्हणजे? एका युनिटच्या जागी चाळीस येतील! हाताशी भरपूर असलं की माणसाला धीर असतो. आणि ते चारशेचं आता आणखी किती चढणार? दमलं असेल बिचारं. दहाच्याला वर जायला मोकळं रान आहे."

"युनिट दमायला ते काय टांग्याचं घोडं आहे, मावशी?"

पलीकडे खिडकीशी विणत बसलेली चिमणी खुदकन हसली. ताईंनी तिकडे डोळे वटारले.

फंडवाला पुढे सरकून बसला. "हे बघा. तुमचं हे युनिटसुद्धा सुरुवातीला दहाचंच होतं. आतल्या शेअर्सची किंमत वाढत गेली, म्हणून ते चारशेचं झालं. आता समजा, दोन्ही फंडांतला माल दहा टक्क्यांनी वाढला. तुमचं चारशेचं चारशेचाळीस होईल आणि त्या दहाचं अकरा."

"होऊ दे अकरा. पण माझ्याकडे चाळीस असतील ना!"

"चाळीस अकरे किती?"

ताईंचे ओठ हलले आणि थांबले.

"चारशेचाळीसच," फंडवाला म्हणाला. "पडलं तरी तसंच. दोन्हीकडे सारखंच दुखणार. शिवाय काढलंत की झालेल्या नफ्यावर कर भरावा लागेल तो वेगळाच. आणि हा नवा फंड कसा चालतो, ते अजून कुणी पाहिलेलं नाही."

"तुझं कमिशन बुडत असेल."

"उलट! बदललंत तर मला दोन पैसे जास्तच सुटतील. तरी नको म्हणतोय, ते ऐका."

पण ताई हटून बसल्या. आकडेमोड त्यांना कळत नव्हती असे नाही. इतकी वर्षे गल्ल्यावर बसलेली बाई ती. पण भरपूर युनिट्स मागे ठेवून जायची, हे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि मनाने घेतलेले टक्केवारीने सुटत नाही. "मला जास्त हवीत," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

चिमणीने सुया खाली ठेवल्या. "ताई, अगं, हे आपले गुंडेच आहेत."

"कसले गुंडे?"

"लडीचे! जन्मभर माझ्या हातांवरून उतरवलेस ते. आठ गुंडे नेले म्हणून कुठल्या बाईचा स्वेटर मोठा झाला होता का? लोकर होती तेवढीच होती. आज तूच त्या बायकांच्या रांगेत उभी आहेस आणि वजन न वाचता पिशवी पुढे करतेयस!"

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. आधी त्यांचा चेहरा लाल झाला. मग गालाची एक बाजू हलली, आणि त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. "अगं बाई... अगं बाई, मी स्वतःलाच गुंडा विकत होते..." हसता हसता त्यांना धाप लागली. हसू गेले आणि नुसती धापच उरली. चिमणीने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. श्वास जागेवर येईपर्यंत तिने तो काढला नाही. फंडवाला उगीचच आपल्या बॅगेची चेन लावत-उघडत बसला.

मग चिमणीनेच त्याला विचारले, "युनिटचा भाव बघायचा नाही. मग बघायचं तरी काय असतं?"

"फंडानं पैसे कशात घातलेत. चांगल्या-वाईट दिवसांत तो कसा चाललाय. सांभाळायचा खर्च म्हणून किती कापतात." त्याने बॅग बाजूला सारली. "पण त्याआधी, आपल्याला पैसे कधी लागणार आहेत ते बघायचं, छोट्या मावशी. लवकर लागणार असतील तर ते असे वरखाली होणाऱ्या जागी ठेवायचेच नाहीत."

"लवकर लागणार आहेत."

"कुणाला?" ताईंनी विचारले.

"तुला. मी दवाखान्यात फोन केला होता."

"तू? फोन? नंबर कुठून मिळाला तुला?"

"गोळ्यांच्या पाकिटावर छापलाय. वाचता येतं मला, ताई."

ताई खवळल्या. "त्या पैशांना कुणी हात लावायचा नाही. तुझे आहेत ते. मी गेल्यावर खाणार काय आहेस तू?"

"आणि तू राहिलीस तर? त्याचा हिशोब केलास का कधी?" चिमणीचा आवाज चढला, मग एकदम ओला झाला. "सगळं माझ्यासाठी. लग्न केलं नाहीस ते माझ्यासाठी, दुकानात उभी राहिलीस ती माझ्यासाठी, आता मरायचंही माझ्यासाठी! मला एकदा तरी विचारलंस, तुला काय हवंय म्हणून?"

ताई हातातला रुमाल उलगडत राहिल्या, पुन्हा घडी घालत राहिल्या. त्यांनी खरेच कधी विचारले नव्हते. चप्पल कुठली हवी, एवढेसुद्धा नाही.

"सांग मग," त्या अखेर म्हणाल्या. "काय हवंय तुला?"

"तू."

ताईंनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "पैशांचं खरं आहे, पण नुसतं पैशांचं नाही गं. भीती वाटते मला. छाती उघडतात म्हणे."

त्यांच्या तोंडून भीती हा शब्द चिमणीने पहिल्यांदाच ऐकला. ती ताईंच्या शेजारी टेकली, अगदी खेटून. "मलाही वाटते," ती म्हणाली. "दोघी मिळून घाबरू. पण करून टाकू."

फंडवाल्याने ऑपरेशनचा खर्च विचारून घेतला. ऑपरेशनपुरते काढले तरी निम्म्याहून जास्त शिल्लक राहील, असे त्याने हळूच सांगितले. त्या उरलेल्यातले काही जरा स्थिर ठिकाणी ठेवू आणि बाकीचे आहे तिथे वाढू दे, म्हणजे छोट्या मावशींना काळजी नको.

"मला नीट समजावून सांग," चिमणी म्हणाली. "ताईला नको, मला. आणि आधी हे सांग, काढलेले पैसे हातात यायला किती दिवस लागतात?"

ताईंना ते ठाऊक होते. उत्तर अगदी ओठांवर आले होते. पण त्या काही बोलल्या नाहीत. बहिणीच्या खांद्याला टेकून त्याही फंडवाल्याच्या तोंडाकडे पाहू लागल्या.