मनगट धरणारी बाई

मोठ्या मनाची माणसं माफ करतात म्हणे. करोत बापडी. मला कुणी चारचौघांत लागट बोललं की मी डूख धरते, आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

सांगलीत, विश्रामबागला कॉलेजात असताना आमचा एक गट होता. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, त्याविरुद्ध आम्ही गावोगाव पथनाट्य करायचो. विधवेचं काम आमचा पुढारी स्वतः करायचा, लुगडं नेसून. बायका ढसाढसा रडायच्या. पुढं सगळे पांगले. तो एका पक्षात शिरला, अंगावर कडक इस्त्री आली. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत चिकटले, संसार केला, पण हे काम काही सुटलं नाही. घोषणा तेवढ्या सुटल्या. आता कुठं माणूस गेल्याचं कळलं की मी जाते, त्या बाईला खेटून बसते आणि तिची दोन्ही मनगटं धरून ठेवते. भाषण नाही, वाद नाही. मयत उचलेपर्यंत कळ काढायची. नंतर फोडणाऱ्यांचाही जोर ओसरतो.

मागं कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. पाहुणा कोण, तर तोच. स्टेजवरून माझ्याकडं हात करून म्हणाला, "आमच्या ह्या बाई अजून विशीतच आहेत. आम्ही आपले शहाणे झालो." सगळा हॉल हसला. मीही हसले, न हसून सांगते कुणाला. पण मनात म्हटलं, थांब बेट्या, एक दिवस तुझ्याही दारात येईन.

आणि त्याचे वडील गेले. आष्ट्याला. एका मैत्रिणीचा फोन आला तशी मी मिळेल ती एसटी धरली. म्हातारा देवमाणूस होता, आम्हा पोरांना शेंगा भाजून खाऊ घालायचा. त्याच्यासाठी वाईट वाटायला पाहिजे होतं. पण गाडीत मी लेकाला काय सुनवायचं तेच घोळवत होते, आणि खरं सांगते, मजा येत होती.

बाहेर पक्षाची माणसं, गाड्या. आत बायका. त्याची आई मयताजवळ बसली होती, मनगटापासून वर हिरवा चुडा. मी शेजारी बसले आणि तिचे हात धरले. थोड्या वेळानं तिची थोरली नणंद उठली, म्हणाली, चला, उरकून घ्या. मी हात सोडेना. कोण कुठली बाई म्हणून कुजबूज झाली, आणि नणंदेनं लेकालाच आत बोलावलं. तो उंबऱ्यात आला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. माझ्या काळजाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू!

"तुझ्या आईच्या बांगड्या फोडायच्या का ठेवायच्या?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "तुझ्या तोंडानं सांग."

त्यानं मागं उभ्या असलेल्या लोकांकडं पाहिलं. "घरातल्या बायका काय ते ठरवतील," म्हणाला.

मी तेवढ्यावर सोडणार होते होय? लुगडं नेसून रडणारा तो कोण होता, म्हणून विचारलं. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. मग आईच बोलली, नणंदेकडं वळून. "वन्सं, माज्या बांगड्या हायत. मी न्हाई फोडू देनार." नणंद मटकन खाली बसली. बाहेरून हाक आली, मयत उचललं.

तेराव्यानंतर मी तिला भेटायला गेले. चुडा होता. तिनं स्वतः चहा केला, कप माझ्यापुढं ठेवला आणि बांगड्या वर सारल्या. मनगटावर पिवळट पडत चाललेले काळे-निळे डाग होते, माझ्या बोटांचे.

"हात माजा धरला हुतास," ती म्हणाली, "पर सारं ध्यान त्येच्याकडं. दोनदा म्हनलं, सैल धर, दुकतंय. तुला ऐकूच गेलं न्हाई."

तेवढ्यात तो बाहेरून आला, मला बघून उंबऱ्यावरच थबकला आणि तसाच मागं फिरला. आईचा हात समोर होता, ते डाग दिसत होते, तरी मला बरं वाटलं.